वरच्या चार ओळी

कुणीही त्यांना एखादा प्रोग्राम दाखवायला बसलं, की ते उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि म्हणायचे, "पयले वरतं जा. अजून वरतं. हां, आता वाचा."

प्रोग्रामच्या फाइलीत सगळ्यात वर चार-दोन ओळी असतात. हे कुणी लिहिलं, कोणत्या साली लिहिलं, कोणत्या अटीवर वापरायचं. संगणक त्या ओळी वाचत नाही, सोडून पुढे जातो. तुम्हीआम्हीही पुढे जातो. हे गृहस्थ मात्र त्या मोठ्याने वाचायचे, लग्नपत्रिका वाचावी तशा. एखादं परदेशी नाव आलं की थांबायचे. "हा कुठचा असन हो? काय करत असन सध्या?" मला काय माहीत! मग तेच म्हणायचे, "जाऊ द्या. फुकट देलं ना आपल्याले त्यानं. नाव तं घेऊ."

मी अमरावतीत वेबसाइट बनवतो. चार माणसांचं ऑफिस आहे, राजकमल चौकापासून चालत दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर. शाळा, कॉलेजं, पतसंस्था, मंगल कार्यालयं ही आमची गिऱ्हाइकं. या लोकांकडे पंधरा-वीस वर्षांचा मराठी मजकूर जुन्या फाँटात टाइप करून ठेवलेला असतो. तो तसाच वेबसाइटवर टाकला की मराठीऐवजी कंस, डॉलर आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. सगळं हाताने पुन्हा टाइप करायचं म्हणजे जन्म जायचा. शोधता शोधता मला एक प्रोग्राम सापडला. इकडून जुना मजकूर टाकायचा, तिकडून कुठल्याही फोनवर दिसेल असं मराठी बाहेर येतं. आणि ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुला. कुणीही घ्यावा, बदलावा, त्यावर धंदाही करावा. अट एकच होती, वरच्या चार ओळी होत्या तशा राहू द्यायच्या. त्या ओळींत एक नाव होतं, एक साल होतं आणि गाव होतं अकोला.

मला हसूच आलं. मी जगभर शोधत होतो आणि माणूस बडनेऱ्याला गाडीत बसलं की दीड तासावर.

मी मेल केली. अर्ध्या तासात फोन आला. "जय भीम. तुमी अमरावतीचे काय? मंग मेल कायले लेहता, या ना अकोल्याले."

ते एका कॉलेजात लॅब असिस्टंट होते. कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी नवं पत्र मिळायचं, अशी चौदा वर्षं झाली होती. लॅबमध्ये तीस संगणक, आणि प्रत्येकाला त्यांनी आपल्या भागातल्या गावाचं नाव दिलेलं. मी गेलो तेव्हा मुलं ओरडत होती, "सर, मूर्तिजापूर बंद पडलं!" "सर, नांदगाव खंडेश्वरले नेट नाही!" सगळ्यात जुना, रडतखडत चालणारा संगणक म्हणजे पातूर. पातूर त्यांचं स्वतःचं गाव. त्यावर ते दुसऱ्या कुणाला बसू देत नसत. "माहं गाव हाये. मलेच मायीत त्याले कसं चालवाचं."

त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला, प्रोग्राम कसा चालतो ते समजावलं, आणि जाता जाता माझ्या क्लाउडचा हिशेब घेतला. आमच्या धंद्यात आता स्वतःचे सर्व्हर कुणी ठेवत नाही. दूर कुठेतरी कंपन्यांची मोठी केंद्रं असतात, त्यांच्याकडून भाड्याने घ्यायचे आणि इथे बसून चालवायचे. मी माझी यादी त्यांना जरा ऐटीतच दाखवली. त्यांनी मोजले.

"हे सात कोन्या कामाचे?"

"टेस्टिंगचे, सर."

"टेस्टिंग कधी झालं?"

"दिवाळीत."

तेव्हा होळी जवळ आली होती. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "भाऊ, वावरातली मोटर चालू ठेवून लग्नाले जाता काय तुमी?" मग एकेक सर्व्हर त्यांच्यासमोर बंद करायला लावला. त्यानंतर दर शनिवारी फोन ठरलेला, "मोटर बंद केली काय?" माझ्या बायकोला बरेच दिवस वाटत होतं, मी शेतावर माणूस ठेवला आहे आणि तिला सांगितलेलं नाही.

त्यांच्या प्रोग्रामला सगळ्यात जास्त दमवलं ते 'वऱ्हाड' या शब्दाने. त्यातला अर्धा र जुन्या फाँटांत प्रत्येकाने वेगळ्या जागी लपवून ठेवलेला. बाकी सगळा मजकूर सरळ यायचा आणि वऱ्हाड तेवढं फुटायचं. दोन महिने ते त्याच्या मागे होते. मी म्हणालो, "सर, राहू द्या ना, एकच तं शब्द आहे." ते चिडले. "पुण्याचं निघते, मुंबईचं निघते, अन आपलंच नाही निघून राहिलं. मंग मी हे केलं कोनासाठी?" शब्द निघाला त्या दिवशी त्यांनी मला फोनवर तो नुसता वाचून दाखवला. पाच-सहा वेळा.

एकदा मी त्यांना छेडलं होतं. प्रोग्राम फुकट वाटता आणि नावासाठी एवढे अडून बसता, हे काय! ते हसले. "माहा बाप गवंडी होता. गावच्या शायेच्या भिंती त्यानं उचलल्या. दगडावर नाव देनगीवाल्याचं हाये. बाप म्हने, पोरा, माही वीट कोनती ते मले ठावूक हाये, तेवढं पुरे. म्या म्हनलं, बाबा, मले नाही पुरत."

आता जे सांगायचं आहे, ते टाळत मी इथवर आलो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

अमरावतीतल्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेचं काम आम्हाला मिळालं. त्यांची जुनी वार्षिकं, अहवाल, सगळं क्लाउडवर आणायचं, आणि त्यांच्या वेबसाइटवर एक पान ठेवायचं, जिथे कुणीही जुना मजकूर टाकून नव्यात बदलून घेईल. ते पान म्हणजे अर्थातच सरांचा प्रोग्राम. संस्थेच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी ते पाहिलं आणि खूश होऊन विचारलं, "हे तुम्हीच केलंत?" मी म्हणालो, "हो." एवढंच. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

एकदा हो म्हटल्यावर फाइली सोपवताना वरच्या चार ओळी अडचणीच्या झाल्या. मी एक आज्ञा लिहिली आणि सगळ्या फाइलींतून त्या एका दमात पुसल्या. त्या जागी आमच्या ऑफिसचा ठरलेला मजकूर बसवला, म्हणजे फर्मचं नाव आणि फर्म सुरू झाली ते साल. आमच्या लेटरहेडवर असतं तेच.

सुरुवातीपासून माझ्याबरोबर काम करणाऱ्या वैशाली मॅडमनी पाहिलं. त्या म्हणाल्या, "साहेब, या ओळी काढता येत नाहीत. तेवढीच तर अट आहे."

"त्या वाचतो कोण?" मी म्हणालो. रोज एक माणूस त्या मोठ्याने वाचतो हे मला माहीत होतं.

दोन-तीन महिने गेले. एका दुपारी अधिकाऱ्यांचा फोन आला. माझ्यासमोर एका पतसंस्थेचे अध्यक्ष बसलेले होते. अधिकारी म्हणाले, "एक मिनिटाचं काम आहे. आमच्याकडे सिस्टिम अॅडमिनच्या जागेच्या मुलाखती चालू आहेत. अकोल्याचे एक उमेदवार आहेत, ते म्हणतात आपल्या वेबसाइटवरचा मराठीचा प्रोग्राम त्यांनी लिहिलाय. आमच्या फाइलीत तर तुमचं नाव आहे, आणि साल त्यांच्या सालाच्या दोन वर्षं आधीचं आहे. तो तुमचाच आहे ना? फोन स्पीकरवर आहे, समितीही ऐकते आहे."

समिती ऐकत होती म्हणजे तेही ऐकत होते. ती जागा कायमची होती. वयाच्या अटीत ही त्यांची शेवटची संधी, हे त्यांनीच मला महिन्याभरापूर्वी सांगितलं होतं. कोणत्या संस्थेत, ते मी विचारलं नव्हतं.

मी अध्यक्षांकडे पाहिलं. मग ज्या शुद्ध पुणेरी मराठीत मी फक्त गिऱ्हाइकांशी बोलतो, त्या मराठीत म्हणालो, "हो, ते आमचंच प्रॉडक्ट आहे. आमच्या ऑफिसमध्येच डेव्हलप झालंय."

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. अधिकारी धन्यवाद म्हणाले. मी फोन ठेवला आणि अध्यक्षांना विचारलं, चहा घेणार की कॉफी.

त्या शनिवारी फोन आला नाही. पुढच्या सोमवारी मी अकोल्याला गेलो. लाज वाटली म्हणून गेलो असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती, की ते तक्रार करतील. सगळा पुरावा त्यांच्या बाजूने होता. इंटरनेटवर त्यांच्या प्रोग्रामची पहिल्या दिवसापासूनची नोंद आहे, कोणती ओळ कोणत्या दिवशी लिहिली तीसुद्धा. समितीला ती दाखवायला त्यांना पाच मिनिटं हवी होती. ती कुणी दिली नाहीत.

ते लॅबमध्ये वायरी गुंडाळत होते. मी दारात उभा राहिलो. 'या' म्हणाले नाहीत. मी काहीतरी बोलायला लागलो, धंद्याचं, अडचणीचं. त्यांनी ऐकून घेतलं.

"खोटं बोलले ते बोलले," ते म्हणाले. "मानसाच्या तोंडून निंघते कधी. नाव खोडलं, तेबी समजू शकतो. पन साल कावून बदललं?"

"सर, ते मुद्दाम नाही. आमचा ठरलेला मजकूर असतो, त्यात तेच साल…"

"माह्या आधीचं साल टाकलं तुमी. तिथं पाच मानसं बसली होती. तुमच्या एका सालानं मी चोर झालो ना. अन चोर म्हनून बसून राहिलो, तुमचं बोलनं संपेपर्यंत."

वायर गुंडाळून झाली. त्यांनी विचारलं, "यादी अजून लागली नाही. त्याईले फोन करान काय? खरं सांगान?"

"करतो, सर. उद्याच करतो."

"करा," ते म्हणाले. "आता जा. मले लॅब लावाची हाये."

मी अकरा दिवस फोन केला नाही. पहिल्या दिवशी वाटलं, अधिकारी कामात असतील. मग सुट्टी आली. मग संस्थेच्या उरलेल्या कामाची सही व्हायची होती, म्हटलं ती होऊ द्यावी. प्रत्येक दिवसाचं कारण मला आजही पाठ आहे, आणि एकही सांगण्यासारखं नाही. बाराव्या दिवशी फोन करून मी सगळं खरं सांगितलं. अधिकारी म्हणाले, "अहो, यादी परवाच लागली. आधी सांगायचं ना." आणि आवाज उतरवून, "गृहस्थ हुशार वाटले होते आम्हाला. पण तसल्या माणसाच्या हाती सगळे सर्व्हर कसे द्यायचे, असा प्रश्न पडला."

मला काही झालं नाही. माझं काम गेलं नाही, उलट पुढच्या वर्षाचंही मिळालं. वरच्या चार ओळी मी सगळ्या फाइलींत परत बसवल्या. त्याला एक मिनिटही लागलं नाही.

अकरा महिन्यांचं पत्र संपल्यावर त्यांनी नवं घेतलं नाही, असं नंतर कळलं. पातूरला गेले म्हणतात. नंबर लागत नाही. अमरावतीहून पातूर अडीच-तीन तास. मी गेलेलो नाही.

मध्यंतरी इंटरनेटवर त्यांच्या प्रोग्रामचं पान उघडलं. त्यांनी ते बंद करून ठेवलं आहे. कुणालाही वाचता येतं, घेता येतं, पण आता त्यात काही बदलता येत नाही. शेवटची नोंद मी तारखेवरून ओळखली. त्या अकरा दिवसांतली होती, मी फोन करीन म्हणून ते थांबले होते तेव्हाची. त्या दिवशी त्यांनी एकच फाइल घातली होती, ज्यांनी ज्यांनी वापरून चुका कळवल्या त्यांचे आभार. तीस-चाळीस नावं आहेत. बरीच परदेशी, काही पुण्याची, एक नेपाळमधलं. नवव्या ओळीत माझं नाव आहे, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे अमरावती.

त्यापुढे साल लिहिलं आहे. मी माझी त्यांना केलेली पहिली मेल शोधून काढली आणि ताडून पाहिलं. बरोबर आहे.