जास्वंदीवरचा सोंडा

भिवराबाई नेकनूरच्या पाटलांकडे वीस वर्षं दाणे पाखडायला आणि अंगण झाडायला होती. मुलूख निजामाचा असला तरी त्या घरात हुकूम चाले तो पाटलीण सरस्वतीबाईंचा.

त्या साली अंगणातल्या जास्वंदीला फूल म्हणून येईना. संकष्टीला गणपती फुलाविना राहिला आणि सरस्वतीबाई भडकल्या.

"रोज तूच झाडतीस हितं. कळ्या जात्यात कुठं?"

"गळत्यात, बाई. केरात सापडत्यात."

"भरल्या झाडाच्या कळ्या कावून गळतील? दिवस मावळायच्या आत चोर दाखीव, न्हाई तर उद्यापासून येऊ नगंस."

भिवराबाईच्या जिव्हारी लागलं. वीस वर्षांत तिनं कणगीतला दाणा पदरात बांधला नव्हता, आणि आता देवाच्या कळ्यांचा आळ!

ती झाडाशी जाऊन बसली. गळलेल्या प्रत्येक कळीला सुईएवढं भोक होतं. फांदीला हात लागला की मातीचा कण टपकन पडे. झाडावर माती कुठून आली? तिनं सूप फांदीखाली धरलं, फांदीवर दोन टिचक्या मारल्या आणि सरस्वतीबाईंना हाक दिली.

"माती तर हाय," त्या म्हणाल्या.

"दम धरा, बाई. लई सोंगाडं हाय ह्ये."

थोड्या वेळानं मातीला पाय फुटले. तोंडाला बारीक सोंडही होती.

"अगं, ह्ये तर जोंधळ्यातले सोंडे! पाखडलेला केर तूच टाकतीस झाडाखाली."

एक आळ गेला, दुसरा चिकटला. केर तिथं टाकायला सरस्वतीबाईंनीच सांगितलं होतं. भिवराबाईनं कणगीतले चार सोंडे आणले, झाडावरचे चार घेतले, आणि दोन उपड्या पणत्यांखाली एकेक धड कळी घालून ते वेगवेगळे कोंडले. कणगीतले तांबूस, लांबट. झाडावरचे काळे, गोलसर.

उन्हं उतरल्यावर पणत्या उचलल्या. कणगीतल्यांनी कळीला तोंड लावलं नव्हतं. दुसरी कळी भोकांनी भरली होती, आणि एक जण सोंड आत खुपसून बसला होता.

"बरं. ये उद्या," सरस्वतीबाई म्हणाल्या.

मग रोज सकाळी सूप धरून झाड झटकायचं कामही तिच्याकडेच आलं. फुलं येऊ लागली. किड्याला मात्र घरात नाव नव्हतं. एकदा बीडच्या पाहुण्या आल्या, तेव्हा सरस्वतीबाई कौतुकानं सांगत होत्या, "आमच्या जास्वंदीला भिवरीचा किडा लागलाय."

भिवराबाई सूप घेऊन तिथंच उभी होती. चोरीचा आळ आला तेव्हाही तिला इतकं वाईट वाटलं नव्हतं. तिनं फांदीवर टिचकी मारली.