आपोआप उठणारं पान

चाचा दुसऱ्याच्या कीबोर्डला कधी हात लावत नसत. हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि हनुवटीनं दाखवायचे, "ते दाबा, बाई." रिसोडला त्यांचं रेडिओ आणि संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. केनवडच्या आमच्या मळ्यातल्या जुन्या संगणकावर लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली त्यांनी माझ्याच हातून घालून घेतली. त्यावर मी आमच्या विकाऊ रोपांचं इंटरनेटवरचं पान चालवायचे: वांगी तयार, मिरची आठ दिवसांनी. मी तेव्हा जेमतेम पन्नाशीची तरुणी. आणि अक्कल, माझ्या मते, ओसंडून चाललेली.

लाइट जायची, यायची. संगणक उठायचा, पण पान दाखवणारा सर्व्हर नावाचा प्रोग्राम झोपलेलाच. लगेच पार इंझोरीहून फोन, "ताई, पान काहून दिसून नाही राह्यलं?" मग माझा चाचांना फोन. ते स्कूटरवर यायचे, मी स्टार्टचा हुकूम टाइप करायचे, चहा व्हायचा.

"बाई, स्टार्ट म्हणजे आत्तापुरतं," चाचा म्हणायचे. "एकदा इनेबल करून ठेवा, मंग लाइट आली का आपोआप उठते. मले कायले बोलावता?"

इनेबल मला पहिल्याच दिवशी समजलं होतं. मुद्दाम केलं नाही. चाचा चहात बिस्किट बुडवून जुन्या रेडिओंचे किस्से सांगत. घरात माझ्याशी तेवढं कोणी बोलत नव्हतं.

एकदा मी शिरपूरला बहिणीकडे दहा दिवस राहिले. मागे लाइट गेली, आली, पान मेलेलं. घरात कोणाला काही येत नव्हतं, कारण या शहाणीनं शिकवलंच नव्हतं. गिऱ्हाईक फिरकलं नाही आणि मिरचीची रोपं वाफ्यातच उंच होऊन लोळली.

मी परत येऊन बोलावल्यावर चाचांनी वाफा पाहिला. "बाई, रोपाले आपल्या चहासाठी थांबता येत नाही."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं! मी इनेबल टाइप केलं.

"आता वायर काढा."

काढली, पुन्हा लावली. चहाला उकळी यायच्या आत पान उघडलं. चाचा टाळी वाजवून हसले. "झालं! आता मी मेलो तरी चालते."

"तोंड आवरा, चाचा!"

त्यानंतर पान एकदाही अडलं नाही. चाचांना बोलवायला निमित्तच उरलं नाही. दोन वर्षांनी ते गेले, तेही मला बाजारात मेथी विकताना कळलं.

'चाचा, काम काही नाही, नुसते या,' एवढं फोनवर म्हणायला कोणता हुकूम लागत होता? पण संगणकाला हुकूम सोडणाऱ्या त्या बयेला कामाशिवाय माणूस बोलावता येत नव्हता.