पाळीमागे बसून ऐकलेलं काम

नववीत शाळा सोडली आणि पुण्याकडे एका कंपनीत पॅकिंगला लागलो, तो आजवर तिथंच आहे. घर तिरोड्याजवळच्या खेड्यात. वर्षातून दोनदा जाणं होतं. या कार्तिकात मात्र जास्तीची एक खेप झाली, कारण आमच्या गावात सिनेमावाले उतरले होते आणि त्यांनी शाळेत येऊन माझ्या आठ वर्षांच्या मुलीला निवडलं होतं. सेटवर आईबापातलं एक माणूस पाहिजेच म्हणाले. बायको धानकापणीत अडकलेली. मी सुपरवायझरला खरं कारण सांगितलं. तो आधी हसला, मग रजा दिली. त्याचे उपकार आहेत.

शूटिंग बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर होतं. मला कॅमेऱ्याच्या बाजूला खुर्ची दिली, दोनदा चहा दिला. इतकी सरबराई कंपनीत कोणी केली नाही, म्हणून मी खुर्चीच्या टोकावरच बसलो.

सिनेमातल्या पोरीचा बाप कामाला बाहेरगावी गेलेला. तो आता येणार नाही, हे तिला बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, कळतं आणि ती रडते, एवढाच प्रसंग. दिग्दर्शक बाईंना डोळ्यांत औषध घालायचं नव्हतं. सकाळपासून तोच प्रसंग घेत होते, पण माझ्या पोरीला रडू येईना.

मग त्यांचा सहायक माझ्याजवळ येऊन वाकला. "दादा, तुम्ही गाडीत जाऊन बसा. आम्ही तिला सांगतो, बाप न भेटताच स्टेशनवर गेला. पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

आमच्याकडे बाहेरगावी जाणारे बाप पोरं झोपेत असतानाच निघतात, रडारड नको म्हणून. मी तसा कधी निघालो नाही. पहाटेची गाडी असली तरी पोरीला उठवतो, 'येतो' म्हणतो, ती खांद्यावर रडून घेते. तिला माझ्या शब्दाचा भरवसा आहे. दूर राहून मी तिला दुसरं काय देतो? पण नाही म्हटलं आणि यांनी दुसरी पोरगी घेतली तर? आमच्यासारख्याला दुसऱ्यांदा कोण विचारतो?

"तेवढं सोडून काहीही सांगा, साहेब," मी हात जोडून म्हटलं.

तो बाईंकडे गेला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पोरीचं काम गेलं, असंच मी धरून चाललो. पण त्या उठून आल्या आणि म्हणाल्या, तुम्हीच बोला तिच्याशी. मी पोरीला सगळं सरळ सांगितलं, काय खोटं सांगणार होते तेही.

तिनं ऐकून घेतलं. "मले रडू येते, बाबूजी. पण तुमी समोर बसून हासून राह्यता. मंग कसी रडू?"

बाई हसल्या, सगळेच हसले. खोटं नव्हतं. कॅमेरा तिच्यावर गेला की माझे दात बाहेर येत. लाइटवाल्यानं मला खुणावलंही होतं, मला वाटलं तो रामराम करतो, म्हणून मी उलट हातच हलवला होता.

"मंग मी काय करू?"

"पाळीमागं जाऊन बसा. मी घ्यायले येतो."

गेलो. पाळीमागे कापलेल्या धानाचे भारे पडलेले, त्यांच्यात बसलो. वर कोणीतरी सगळ्यांना गप्प केलं. मग तिचं रडणं आलं. ते मी ओळखतो, आधी हुंदका, मग आवाज. मी उठलोच होतो. पुन्हा खाली बसलो. पोरगी रडत नव्हती, काम करत होती. आवाज थांबला. मग एक टाळी वाजली आणि मागोमाग सगळ्यांच्या.

घरात सिनेमाचं पहिलं काम झालं आणि बापानं ते पाहिलं नाही, ऐकलं. माझी छाती मात्र शर्टात मावेना.

ती पाळीवरून उतरत आली. डोळे लाल, नाक वाहतंय, तोंडभर हसू. "बाई म्हणते, चांगलं झालं." मी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तिचं नाक पुसलं आणि उठू लागलो, तर वरून हाक आली, आणखी एकदा घ्यायचं आहे, दुसऱ्या बाजूनं.

तिनं माझा खांदा खाली दाबला. "तुमी बसाच. एक डाव अजून रडतो, मंग घरी जाऊ." आणि फ्रॉक सावरत वर चढली.