ल्युबेनची मान

माझा नवरा ल्युबेन मान हलवत नाही. जेवायला वाढू का विचारलं तर तोंडाने "हो" म्हणतो, मान खांबासारखी ताठ. आमच्या इमारतीत त्याला सगळे 'ताठ्या' म्हणतात. लग्नाला पस्तीस वर्षं झाली. वीट आलाय मला या मानेचा.

आम्हा बल्गेरियन माणसांची मान आडवी हलली की हो, वर झटकली की नाही. बाहेर सगळं उलटं. अकराव्या वर्षी ल्युबेनला सिनेमात घेतलं, छोटा गुप्तहेर म्हणून. हा गुप्तहेर बोलायचाच नाही, पोलिसांना मानेनेच उत्तरं द्यायचा. सिनेमा मॉस्कोला, बर्लिनला जाणार होता, म्हणून दिग्दर्शकाने बजावलं, "तिकडच्यासारखी हलव. उभी म्हणजे हो, आडवी म्हणजे नाही." अख्खा उन्हाळा घोटून घेतलं. चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

शूटिंग संपवून आमच्या गावी, स्लिवेनला परतला, त्याच आठवड्यात शाळेत एक साहेब आला. हा खऱ्या पोलिसांतला.

"वा, आमचा गुप्तहेर! बरं, सांग बघू, तुमच्या शेजारचे स्तामेनकाका घरी परदेशी रेडिओ ऐकतात का?"

ल्युबेनला नाही म्हणायचं होतं. उन्हाळाभर घोटलेली मान आडवी गेली. साहेबाने आपल्या रीतीने 'हो' लिहून घेतलं, हातावर चॉकलेट ठेवलं आणि गेला.

स्तामेनकाका रेल्वेत इंजिन चालवायचे. तेव्हा कम्युनिस्टांचं राज्य, परदेशी रेडिओ ऐकणं गुन्हा; त्यांना शिक्षा म्हणून तीन वर्षं दूरच्या एका खेड्यात धाडलं. परत आले तेव्हा हातात फलाटाचा झाडू दिला, निवृत्तीपर्यंत तोच. आणि इकडे सिनेमावरून गावभर ह्याचं कौतुक, आपला हिरो म्हणून! हिरो कसला, जन्मभर गिरणीच्या बॉयलरमध्ये कोळसा ओढला माझ्या नवऱ्याने. जिन्यात काका भेटले की नुसतं "काय रे" म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे. ह्याला त्या दिवशी जेवण जायचं नाही.

गेल्या महिन्यात कळलं, काकांची मुलगी त्यांना कायमचं बुर्गासला नेणार. रविवारी. शहाऐंशी वर्षांचा म्हातारा, पुन्हा कुठला भेटतोय.

मी ल्युबेनला म्हटलं, "आज जाऊन सांग. नाहीतर ही मान मला तुझ्या तिरडीपर्यंत बघावी लागेल."

"काय सांगू, गिन्का? मान चुकली म्हणून? हसतील."

"हसू देत. निदान दार तरी उघडतील."

शेवटी मीच त्याला दंडाला धरून नेलं. खोलीत खोकी बांधून ठेवलेली. ल्युबेन उभ्याउभ्याच बोलला, शाळेत धडा म्हणावा तसा. दिग्दर्शक, उन्हाळा, साहेब, मान. चॉकलेटसुद्धा सांगितलं. काका खिडकीकडे बघत बसले होते.

मग म्हणाले, "पण रेडिओ तर मी ऐकायचोच. तुला ठाऊक होतं."

"हो. तुमच्या मांडीवर बसूनच ऐकलाय."

"मग 'नाही' कशाला म्हणणार होतास?"

माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. पन्नास वर्षं हा माणूस स्वतःला चुगलखोर समजून जगला, आणि मूळ गोष्ट ही, की अकरा वर्षांचं पोर काकांसाठी पोलिसाशी खोटं बोलायला निघालं होतं. हे मलाही कधी सुचलं नव्हतं. इतकी वर्षं मी आपली मानेवरच भांडत बसले.

काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"मला वाटायचं, चॉकलेटसाठी विकलंस," ते म्हणाले. "बायकोलाही तेच सांगत आलो. ती तसंच मनात धरून गेली बिचारी."

जिन्यात कुणीतरी गालिचा झटकत होतं.

"कॉफी घेतोस?" काकांनी विचारलं.

ल्युबेनने मान आडवी हलवली. हळूच, दुखऱ्या मानेने हलवावी तशी.

काका चष्मा लावून त्याच्याकडे निरखून बघत राहिले. "ही कुठली रे? बर्लिनची की आपली?"

"आपली, काका."

"बरं," म्हणाले, आणि बांधलेल्या खोक्यातून कप शोधायला उठले.