साडूंची पाटी

आमच्या थोरल्या साडूंइतका हादरणारा माणूस उभ्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. वाटल्यास आष्टीपासून परळीपर्यंत हिंडून या. भूकंपालासुद्धा काहीतरी कारण लागतं, साडूंना लागत नाही. नवरदेव गॉगल लावून बोहल्यावर चढला की पहिल्या रांगेत हे "अगागागा!" करून उभे राहतात. पेपर वाचताना दर पानाला एकदा उठतात नि एकदा बसतात, त्यामुळे त्यांच्या घरी पेपर वाचणं हे व्यायामातच धरलं जातं. माजलगावात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. समोरच्या कापडवाल्याने एकदा आपल्या दारातल्या पुतळ्याची साडी भर बाजारात बदलायला घेतली. साडूंनी हातातली कढई गिऱ्हाइकाच्या हातात कोंबली, बैठकीवरची सतरंजी ओढली, रस्ता ओलांडला आणि पुतळ्याला गळ्यापासून पायापर्यंत गुंडाळून परत आले. कापडवाला ओरडला, "ओ अप्पा, प्लॅस्टिकचं हाय ते!" हे गल्ल्यावरूनच म्हणाले, "असंना का बे! बाईमाणूस ते बाईमाणूस!"

अशा माणसाच्या घरात सुनेने वायफाय घेतलं. वायफायशी पहिले काही दिवस साडूंचं उत्तम जमलं. मोठ्या टीव्हीवर देवळातला अभिषेक घरबसल्या दिसतो म्हटल्यावर ते सकाळी आंघोळ करून, भस्म लावून टीव्हीसमोर हात जोडून बसू लागले. एके सोमवारी अभिषेक रंगात आलेला, नात मांडीवर, आणि मध्येच बायकांच्या आतल्या कपड्यांची जाहिरात सुरू झाली. बंद कसं करायचं ते ठाऊक नाही. साडू उठले आणि खांद्यावरचं उपरणं दोन्ही हातांनी पसरून टीव्हीसमोर उभे राहिले. पण टीव्ही मोठा, उपरणं लहान. वर झाकलं की खाली उघडं, खाली झाकलं की वर. सून स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत त्यांचा हा खटाटोप चालला होता. तासाभरात मला बीडला फोन. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून सख्खा साडू असून ते मला 'सर' म्हणतात. "सर, घरात इपरीत घुसलंय. तुमी असाल तसे निघा."

मी गेलो. वायफायच्या डब्यातच घाणेरड्या साइट अडवायची सोय केली. पण साडूंना तेवढ्यावर चैन पडेना. मग घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. आपण नको ते शब्द त्यात घालायचे. तो शब्द कुठे आला की पान बंद, आणि त्या जागी आपण लिहिलेली पाटी दिसते. "अप्पा, शब्द मनाने वाढवू नका. भलतंसलतं अडेल," असं मी दोनदोनदा बजावलं. त्यांनी मान डोलावली, आणि पाटीचा मजकूर मात्र स्वतःच सांगितला. ताटवाट्यांवर नावं घालून घालून त्यांना थोडक्यात लिहायची सवय. पाटी अशी होती : 'हे पान आपल्या घरात उघडणार नाही. लाज बाळगा.'

माझी पाठ फिरताच साडूंनी शब्द वाढवायला घेतले. 'बार' घातला. झालं, सून बहिणीच्या बाळाच्या बारशासाठी नावं शोधायला गेली तर 'लाज बाळगा'. शेजारची पोर सुनेच्याच मोबाइलवर बारावीचा निकाल बघायला आली, तिलाही 'लाज बाळगा'. मग त्यांनी 'अंग' हा शब्द घातला आणि पुढच्याच आठवड्यात स्वतः 'अंगदुखीवर उपाय' बघायला गेले. आपलीच पाटी आपल्यावर उगारलेली बघून हा गृहस्थ इतका हादरला, की मोबाइल पालथा घालून इकडेतिकडे बघू लागला. मला फोनवर म्हणाले, "सर, ह्या मशीनला काय वळण हाय का न्हाई? थोरलं-धाकलं कळत न्हाई!" आम्ही सगळे महिनाभर हसत होतो. ते दोन शब्द त्यांनी काढले. बाकीचे कोणते होते, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

श्रावण संपता संपता त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्याकडे राहायला आली. आम्ही तिला आक्का म्हणतो. नवऱ्याच्या वाट्याचं न बोलणंही तिनेच करायचं ठरवलेलं असावं, इतकी अबोल. दुपारी जेवणं झाल्यावर ती मोबाइल घेऊन माझ्यासमोर येऊन बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "सर, तुमच्या घरी बी ती पाटी येती का हो?"

"कोणती पाटी?" मी हसत म्हणालो. "काय शोधत होता तुम्ही, आक्का?"

तिने पदर ओढून घेतला आणि मोबाइल मांडीखाली सरकवला. माझं हसू तिथेच थांबलं. बायको तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. बऱ्याच वेळाने एकटीच बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावर रंग नव्हता. "तिच्या छातीत गाठ आहे. उन्हाळ्यापासून," ती म्हणाली. "कुणालाच सांगितलं नाही तिने. 'स्तनातली गाठ' असं मोबाइलवर बोलून विचारलं, तर पाटी आली."

संध्याकाळीच आम्ही आक्काला आमच्या नेहमीच्या डॉक्टरीण बाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि उद्याच्या उद्या संभाजीनगर गाठायला सांगितलं. मी साडूंना बोलावून घेतलं. दुकान तसंच टाकून ते मिळेल त्या जीपने आले. आता घर डोक्यावर घेतील म्हणून मी शेजारच्यांचीसुद्धा मनातल्या मनात माफी मागून ठेवली होती. साडू दारात चपला काढून आत आले, आक्कासमोर खाली जमिनीवर बसले. "अगागागा" नाही, "शिव शिव" नाही.

"मला कावून न्हाई सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"आधी मोबाइलला इचारावं म्हणलं," आक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच ऐकवत नव्हतं. "त्यो म्हणला, लाज बाळगा. तुमीच लिवलेलं की. मग तुमाला काय सांगू?"

साडू तिच्याकडे नुसते बघत राहिले. आयुष्यभर हादरणाऱ्या माणसाला खरोखरचा हादरा बसलेला मी तेव्हा प्रथम पाहिला. त्याला आवाज नसतो.

पुढचे महिने संभाजीनगरच्या दवाखान्यात गेले. ऑपरेशन झालं, मग ती केस गळवणारी औषधं. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात, पण वेळ अगदीच हातची गेलेली नाही. साडू बाहेरच्या बाकावरून हलले नाहीत. आक्काला घरी आणलं त्या दिवशी त्यांनी घरातले सगळे मोबाइल माझ्यापुढे आणून ठेवले. "सर, उपटून फेका सगळं." मी त्यांना समजावलं, की नातवंडं आहेत, घाण अडलीच पाहिजे, ती डब्यातच अडते. शब्दांचं ॲप तेवढं काढू, आणि जिथे काही अडेल तिथे दुसरी पाटी लावू. ते म्हणाले, "लिवा. 'काही अडलं तर घरात विचारा.'"

आता दुकानात पातेलं घ्यायला आलेल्या बायांना ते पातेल्याबरोबर विचारतात, "बाई, स्वतःला तपासता का? गाठबीठ लागली तर लपवू नगा बरं. नवऱ्याला सांगा, त्यो ऐकत नसला तर मला सांगा." बाया हादरून पातेलं तिथेच ठेवून निघून जातात. काही जणी मात्र दुसऱ्या दिवशी परत येऊन आक्काची चौकशी करतात, आणि साडू त्यांना दुकानामागच्या घरात पाठवून देतात.

मागच्या पावसाळ्यात आम्ही सगळे कपिलधारला गेलो होतो. धबधब्याखाली ही गर्दी. आक्काने डोक्याला बांधलेला रुमाल सोडला. नुकते कुठे केस उगवू लागले होते, लहान बाळाच्या जावळासारखे मऊ. पोरंसोरं वळून बघू लागली. एरवी तिचा पदर इंचभर सरकला तरी खाकरणारे साडू काहीच बोलले नाहीत. धारेखाली तिचा हात धरून उभे राहिले. मग तोंड धुतो म्हणून खाली बसले, ते किती तरी वेळ उठलेच नाहीत. पाणी डोक्यावरून वाहत होतं, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. आक्काला कळलं असावं. ती वाकून त्यांच्या कानाशी म्हणाली, "बसा. घाई न्हाई."