शेजारच्या खुंट्यावरचा हिरवा मका

माणूस माणसावर जळतो, त्यात नवल नाही. मी म्हशीवर जळलो! हसू नका, आधी ऐका, मग पोटभर हसा.

त्या साली पाऊस रुसला अन् सरकारनं लासूर स्टेशनजवळ चारा छावणी उघडली. आपलं जनावर नेऊन बांधायचं, चारा-पाणी फुकट. प्रत्येकाचा खुंटा ठरलेला, खुंट्याला नंबर. माझ्या म्हशीशेजारी भानुदासची म्हैस. भानुदास म्हणजे माझा बांधशेजारी, शाळेपासूनचा सोबती.

मला काळजी दुधाची. घरी नातीचं बारसं होतं अन् शहरात क्रांती चौकात राहणाऱ्या व्याह्यांना मी छाती फुगवून सांगून बसलो होतो, "पिशवीचं दूध पिता तुम्ही! बासुंदी खावी तर आमच्या म्हशीच्या दुधाची!"

आणि छावणीत बघतो तर काय? माझ्या म्हशीपुढं वाळका कडबा अन् भानुदासच्या म्हशीपुढं हिरवागार मका! रोज! माझा नुसता जळफळाट. सरकार काय भानुदासच्या सासऱ्याचं आहे?

बायको म्हणाली, "अवं, त्यान्लाच इचारा की."

"म्या इचारू? त्याच्यापुढं तोंड वेंगाडू? नाय जमायचं!"

विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. पण जळणाऱ्या माणसाला विचारायचं सुचतं का कधी?

एके दिवशी भानुदास सकाळीच बाजाराला गेला. मी इकडं-तिकडं पाहिलं, दोन्ही दावी सोडली अन् म्हशी बदलून बांधल्या. माझी त्याच्या खुंट्याला, त्याची माझ्या. दोघी काळ्याभोर, कानातले सरकारी बिल्ले शेणानं माखलेले. कुणाला कळतंय? चारा वाटणारा आला अन् हिरवा मका बरोबर माझ्या म्हशीपुढं टाकून गेला. तिनं असा ताव मारला की बघूनच माझं पोट भरलं. त्या खुशीत मी चहाला गेलो.

परत येतो तर माझ्या म्हशीपाशी जनावरांचे डॉक्टर, हातात रिकामी बाटली.

"काय केलं, साहेब?"

"जंताचं औषध पाजलं. या खुंट्यावरची म्हैस वाळकं खात नाही ना, म्हणून तर हिरवा चारा सांगितला होता. आता काही दिवस हिचं दूध वापरू नका. अन् काका, मागं उभं राहू नका."

शेवटचं वाक्य येईपर्यंत मी मागंच उभा होतो. पुढचं सांगत नाही. ते धोतर पुन्हा कधी पांढरं झालं नाही, एवढंच सांगतो.

बरं, बोंब तरी कशी मारणार? तेवढ्यात भानुदास आलाच.

"आरं, माझी म्हस तुझ्या खुंट्याला कशी?"

"सुटली व्हती... म्या बांधली."

त्यानं मक्याच्या उरलेल्या ताटांकडं पाहिलं, माझ्या धोतराकडं पाहिलं अन् खो खो हसत खालीच बसला. आणि त्याची म्हैस? हिरव्याचे लाड बंद झाल्याबरोबर तिनं माझ्या वाट्याचा कडबा काडीसुद्धा न ठेवता फस्त केला होता! आजार कसला, नखरे होते. दोन दिवसांत बादली भरून दूध द्यायला लागली.

मग काय! बारशाची बासुंदी भानुदासच्या म्हशीच्या दुधाची झाली. तेही त्यानं आपणहून, हसत हसत दिलेलं. मी प्रत्येक घास जळत जळत गिळत होतो अन् शेजारी व्याही वाटीमागून वाटी रिचवत होते.

पंगतीत भानुदास मोठ्यानं म्हणाला, "माझी म्हस पुन्हा रुसली तर तुझ्याच खुंट्याला बांधतो बघ. तुझा हातगुण लई चांगला!"

व्याही मोठ्या आदरानं माझ्याकडं वळले. "अरे वा! तुम्ही जनावरांना औषधपाणीही करता?"

"करतो की," मी म्हणालो. "दुसऱ्याच्या म्हशीचं औषध आपल्या म्हशीला!"