यादीत राहिलेली पालखी

हातात दगड आला की ते आधी त्याला जीभ लावायचे. मग उजेडात धरून म्हणायचे, "सुका दगड काय सांगत नाय, बाई."

महाडच्या बाजारात असा दगड चाटणारा उंच म्हातारा तुम्हीही पाहिला असेल. पोलादपूरकडच्या एका डोंगरातल्या वाडीचे. विशीत टांझानियाला दुकानात नोकरीला गेले आणि रंगीत खड्यांच्या दोन खाणी, नजर पोहोचणार नाही एवढी मक्याची जमीन करून बसले. माझं कागदपत्रं करून देण्याचं ऑफिस आहे; त्यांची इथली कामं मी यादी करून उरकायची.

एका मे महिन्यात ते धाकट्या भावाच्या घरामागचा डोंगर पाहून आले. वर जमिनीला भेग, झाडं कललेली. "खाणीत असं दिसलं की मी माणसं बाहेर काढतो. इथं माझाच भाऊ खाली झोपतो."

मी यादी केली. भावासाठी वाडीबाहेर बिरवाडीत घर, पाणी, वीज, गोठा, जवळ दवाखाना. दिवाळीपर्यंत सगळ्यावर खुणा झाल्या. भाऊ घरभर फिरला, नळ सोडून पाहिला.

"बेस हाय. पन दादा, शिमग्याला पालखी हितं कशी येल?"

गावची पालखी वेस ओलांडत नाही, आणि वर्षातून एकदा देव अंगणात आला नाही तर भावाच्या लेखी ते घरच नव्हे. हे ते परदेशात राहून विसरले होते. मी तर इथेच राहते.

नव्या यादीत पहिली ओळ पालखीची. वाडीच्याच हद्दीत, पण डोंगरापासून दूर, खालच्या सपाटीवर जागा पाहून ते गावकीपुढे बसले.

"येल की पालखी," एक म्हातारा हसला. "पन तुझ्या खांद्यावर. नुसता निरोप धाडू नको रे, तू ये."

छोटंसं घर उभं राहिलं. शिमग्याला ते आले. सत्तरी उलटलेली, पाय अनवाणी, पुढची डावी बाजू त्यांच्या खांद्यावर. धापा टाकत मला म्हणाले, "बाई, यादीत डॉक्टर लिवलाय ना?"

भावाने त्याच आठवड्यात गुरं खाली आणली.

त्या पावसात जुन्या घरावर दरड आली. मी त्यांना टांझानियाला फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं.

"सगळी?"

"सगळी खालीच होती. गुरंसुद्धा."

"हं," म्हणाले आणि फोन ठेवला.

थंडीत ते तिकडेच वारले.

यंदा शिमग्याला मी मुद्दाम गेले. नव्या घराच्या वळणावर भावाने पुढच्या डाव्या भोयाला हाताने बाजूला केलं. "ती जागा दादाची हाय." तिथून अंगणापर्यंत पालखी तिघांच्याच खांद्यांवर आली, डावीकडे जराशी कललेली.